त्याच्या वाटणीचे सूर

राळेचा वास तसा दरवळणारा नसतो. व्हायोलिनच्या गजाच्या केसांवर ती तांबूस, काचेसारखी चकाकणारी वडी फिरवली की पांढुरकी पूड उडते, आणि तिच्यात देवघरातल्या धुपाशी जवळचं नातं असलेलं काहीतरी असतं, जरा तिखट, जरा गोड. दादा उभा राहायचा त्या पियानोच्या उजव्या कोपऱ्यात, लाकडाच्या नक्षीत ती पूड कुठेतरी अजून अडकून राहिली असावी, कारण दमट दुपारी झाकण उघडलं की तो वास आधी येतो आणि दादा नाही हे नंतर आठवतं.

वाजवण्याआधी तो माझ्याकडे न पाहताच म्हणायचा, "ए, ला दे." मी ती एक पट्टी दाबून धरायची, तो खुंटी किंचित पिळायचा, तार कुरकुरत सुराजवळ यायची, आणि दोन सूर अगदी शेजारी आले की त्यांच्यात जी थरथर उठते ती मंद होत होत विरून जायची. व्हायोलिन त्याला शिकवलं धोबीतलावच्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहणाऱ्या एका गोवेकर मास्तरांनी. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच सोल्फेजो, म्हणजे दो-रे-मीची सुरावली, गिरवून पुढे मुंबईत आलेल्या वादकांच्या पिढीतले ते, म्हणून आमच्या गिरगावातल्या घरात, आईची पेटी असूनही, आम्हा दोघांपुरती सुरांची नावं मास्तरांचीच रुळली.

पावसाळा दोन्ही वाद्यांना सोसायचा नाही. पियानोच्या पट्ट्या फुगून दाबल्या तिथेच बसायच्या, व्हायोलिनच्या खुंट्या अडकायच्या. मग बाबा पियानोच्या पोटात एक छोटा बल्ब लावून ठेवायचे, आत ऊब राहावी म्हणून, आणि रात्री पेडलांजवळच्या फटीतून पिवळी रेघ जमिनीवर पडायची. डांबराच्या गोळ्यांचा, जुन्या नमद्याचा आणि तापलेल्या लाकडाचा एकत्र वास म्हणजे माझ्या लेखी अजूनही आषाढ.

पावसाळ्यातच आम्ही ब्राम्सचा पहिला व्हायोलिन सोनाटा काढायचो. तो ब्राम्सने 1878 आणि 1879च्या उन्हाळ्यांत ऑस्ट्रियातल्या पेर्टशाख गावी, तळ्याकाठी लिहिला. त्याआधीचे असे सोनाटे त्याने स्वतःच नष्ट केले होते. शेवटच्या भागाची सुरावट त्याच्याच एका जुन्या गाण्यातली, क्लाउस ग्रोटच्या कवितेवरची, पावसात बालपण आठवणाऱ्या माणसाची. दादा म्हणायचा, हा पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो बोलतो. आणि खरंच, पियानोच्या दोन्ही हातांतून ते बारीक सूर अखंड झरत राहतात, वरून व्हायोलिन शांतपणे आपलं गाणं म्हणत जातं. मधला संथ भाग मात्र वेगळ्याच काळजातून आला आहे. संगीतकार दांपत्य रॉबर्ट आणि क्लारा शूमानचा धाकटा मुलगा फेलिक्स हा ब्राम्सचा धर्मपुत्र. कविता लिहिणारा तो पोरगा 1879च्या फेब्रुवारीत क्षयाने गेला, चोविसाव्या वर्षी. त्या फेब्रुवारीत ब्राम्सने क्लाराला या भागाची सुरावट एका कागदावर लिहून पाठवली होती. काय लिहावं हे ज्याला सुचत नाही त्याने सूर लिहून पाठवावेत, याहून मोठं सांत्वनपत्र मला ठाऊक नाही.

तुम्ही ही दोन वाद्यं एकत्र ऐकली असतील, पण एक गोष्ट जवळ बसल्याशिवाय कळत नाही. पियानोचा सूर उमटतो त्याच क्षणी ओसरू लागतो, कितीही हळवेपणाने पट्टी दाबा, तो मोठा होत नाही. व्हायोलिनचा सूर गज चालतो तोवर धरून ठेवता येतो, वाढवता येतो, थरथरवता येतो. माझं विरायला लागलेलं दादा वरच्या वर उचलून धरायचा. आणि पियानोच्या पट्ट्या जिथे लावल्या तिथेच अढळ, म्हणून बोट केसभर इकडेतिकडे सरकवून जुळवून घ्यायचं ते नेहमी त्यानेच. पहिल्या भागात एके ठिकाणी गाणं पियानोकडे येतं आणि व्हायोलिन नुसत्या तारा छेडत साथ देतं, पाटावरून उठून एकाने वाढायला लागावं आणि इतका वेळ वाढणाऱ्याने आता जेवायला बसावं, तसं. त्या चार ओळींत दादा गज हातातच ठेवून बोटांनी तारा छेडायचा आणि चेहऱ्यावर असं समाधान असायचं की जणू आज त्याचाच मान आहे. सोनाट्याच्या सुरुवातीला तो नाकाने एक छोटा श्वास घ्यायचा, आणि त्या श्वासावर मी पट्ट्यांवर उतरायचे. सूर ध्वनिमुद्रिकेत ऐकायला मिळतात, थोरामोठ्यांचे मिळतात. तो श्वास कुठल्याच मुद्रिकेत नाही.

आता मी संथ भागच जास्त वाजवते. तो पियानोनेच सुरू होतो, बराच वेळ पियानो एकटाच गातो, आणि मग व्हायोलिनने यायचं असतं. पियानोच्या वहीत माझ्या ओळींच्या वर व्हायोलिनची ओळ बारीक टाइपात छापलेली असते, साथीदाराला दुसरा कुठे आहे ते दिसावं म्हणून. त्या ओळीवर दादाच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, कुठे गज वर, कुठे खाली, एके ठिकाणी माझ्यासाठी लिहिलेलं, 'थांब जरा'. मी थांबते. शेवटच्या भागात, पाऊस पडत असताना, हीच संथ सुरावट मध्येच पुन्हा भेटते, आणि तिथे माझे हात दर वेळी जड होतात.

क्लाराला वाटायचं की हा शेवटचा भाग इथून पलीकडे जाताना आपल्या सोबत यावा. ती पियानो वाजवणारी होती, म्हणून तिची ती इच्छा मला फार जवळची वाटते. माझी इच्छा इतकी लांबची नाही. कुणी म्हणतं, दुसरा कुणी व्हायोलिनवाला बघ, कुणी म्हणतं, एकट्या पियानोसाठी कितीतरी लिहिलेलं आहे. आहे, आणि सुंदर आहे. पण मी हा सोनाटा अर्धाच वाजवते. दादाच्या मात्रा मनात पूर्ण मोजते, एकही गाळत नाही, आणि त्याच्या जागा भरून काढत नाही. मोकळ्या ठेवल्या म्हणूनच त्या त्याच्या राहिल्या आहेत: इथे तो यायचा, इथे वाढायचा, इथे मला पुढे होऊ द्यायचा. दादा नेमका कुठे कुठे नाही, हे इतकं अचूक मला दुसरं काहीच सांगत नाही.