बुडाकडून भरायचे तेल

खडवलीची भातसा उन्हाळ्यात इतकी सौम्य असते की, लोकलने सहलीला आलेली मंडळी तिच्यात निःशंकपणे उतरतात. पावसाळ्यात मात्र ती ओळख देत नाही. ४ ऑगस्ट २०१९ रोजी जवळच्या जू-नांदखुरी गावाला पुराने वेढले, तेव्हा हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने ५८ ग्रामस्थांना उचलून आणले. पण हेलिकॉप्टर दर पुराला थोडेच येते! एरवी सारी भिस्त रबरी बोटीवर आणि तिच्या पाठीला लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनावर असते.

यंत्रांच्या कामात माझी हयात गेली. त्यामुळे एका मदत पथकाने पावसाळ्याच्या तोंडावर आपले इंजिन मला दाखवले. वर्षभर ते झाकून ठेवलेले होते. खालच्या गिअरबॉक्सचे ऑइल केव्हा बदलले, असे विचारताच एक तरुण म्हणाला, "काका, पेट्रोलात ऑइल घालतोच की आम्ही!"

हा गैरसमज फार जणांचा. पेट्रोलात मिसळलेले ऑइल वरच्या इंजिनातच जळून जाते. पाण्याखालच्या गिअरबॉक्सचा संसार निराळा. वरून येणारा उभा दांडा छोट्या दातेरी चाकाने आडव्या दांड्याला फिरवतो आणि त्यावर पंखा बसतो. ओल एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत आपले इंजिन विकायला काढले, तेव्हापासून ही मूळ रचना फारशी बदललेली नाही. हे सारे गिअर ऑइलात बुडालेले असते. तेथे बहुधा वेगळा पंप नसतो. फिरते गिअरच ऑइल उडवतात आणि बेअरिंगच्या रोलरांमध्ये पोहोचवतात. उभ्या दांड्याच्या वरच्या बेअरिंगपर्यंत ते चढावे म्हणून काही इंजिनांत दांड्याभोवती मळसूत्री खाच ठेवलेली असते; दांडा फिरला की ऑइल तिच्यातून वर सरकते आणि दुसऱ्या वाटेने खाली उतरते. इंजिन महिनोन्महिने उभे राहिले की वरच्या बेअरिंगवर जेमतेम ओलावा उरतो. दहा कुमारिकांच्या दाखल्यातले तेल निदान संपलेले दिसत तरी होते. हे बंद पेटीतले.

मी खालचा बोल्ट सैल केला. आधी चमचाभर पाणी आले, कारण पाणी जड, ते तळाशी बसते. मागोमाग दुधाळ चहासारखे ऑइल. पंखा उतरवला, तर मागे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे वेटोळे. त्याने ऑइल सील कापले होते आणि तेथून पाणी आत शिरले होते. पंख्याच्या दांड्यावरच्या बेअरिंगला गंजाचे ठिपके पडले होते. भर पुरात ते जखडले असते तर बोट प्रवाहाच्या स्वाधीन!

बेअरिंग आणि सील नवे घातले. ऑइल खालच्या भोकातून भरले. वरून ओतले तर आत हवा कोंडते. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली, तेव्हा आधी वरचा बोल्ट बसवला, मग नळी काढून खालचा. वॉशर दोन्ही नवे. त्या तरुणाने शेवटचा बोल्ट स्वतः आवळला आणि खडूने झाकणावर तारीख लिहिली. खडू पावसात पुसेल, म्हणून मी त्याला रंग आणायला पाठवले.