गुरू कोणत्या काट्यावर तोलावा?

शाळाशाळांतून लागलेला सूर्यमालेचा तक्ता मला कधीच पुरेसा वाटला नाही. त्यात ग्रह लहानमोठे दिसतात, पण कोण किती जड हे दिसत नाही. मग ‘मोठा तो जड’ एवढेच मुलांच्या मनात बसते. आम्हां सावदेकरांना खरे तर हे वेगळे सांगायला नको. केळीने भरलेला ट्रक वजनकाट्यावर चढतो आणि हिशेब क्विंटलवर होतो. घड डोळ्यांना केवढा दिसला याला तिथे किंमत नाही. पण गुरूला कोणत्या काट्यावर चढवायचे? भौतिकशास्त्र शिकवताना मला सर्वांत प्रिय असलेला प्रश्न हाच.

आकार मोजणे त्यामानाने सोपे. ग्रहाचे अंतर कळले आणि दुर्बिणीतून त्याचे बिंब किती कोनाचे दिसते ते मोजले, की व्यास निघतो. दुर्बीण मात्र हवीच. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. ११५० साली पूर्ण झालेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’त भास्कराचार्य पृथ्वीचा परिघ ४९६७ योजने आणि व्यास १५८१ पूर्णांक एकचोविसांश योजने देतात. भागाकार करून पाहा, ३.१४१६ येतो. इतकी काटेकोर गणिती परंपरा; तरीही जुन्या सिद्धांतग्रंथांत ग्रहांची बिंबे काही कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सांगितलेली असतात. प्रत्यक्षात गुरूचे बिंब एका कलेपर्यंतही पोहोचत नाही. तेजस्वी ठिपका नुसत्या डोळ्याला पसरट दिसतो. तिथे बुद्धीचा काही दोष नव्हता.

आज आपल्याला माहीत आहे की गुरूचा विषुववृत्तीय व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या अकरा पटींहून थोडा अधिक आहे. त्याच्या पोटात तेराशे पृथ्व्या मावतील. वस्तुमान मात्र पृथ्वीच्या ३१८ पटच. हा ‘च’ घनतेच्या दृष्टीने, कारण बाकीचे सातही ग्रह एकत्र केले तरी गुरू त्यांच्या जवळजवळ अडीच पट भरतो.

हा ३१८चा आकडा कुठून आला? गुरूभोवती फिरणाऱ्या चंद्रांकडून. आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि एका फेरीला २७.३ दिवस घेतो. गुरूचा आयो हा उपग्रह गुरूच्या केंद्रापासून सुमारे ४,२१,७०० किलोमीटरवर, म्हणजे थोडा अधिकच दूर आहे, तरी त्याची फेरी १.७७ दिवसांत पुरी होते. एवढ्या वेगाने जाणारा उपग्रह कक्षेत धरून ठेवायचा तर मध्यभागी तेवढेच प्रचंड ओढणारे काही हवे. न्यूटनच्या नियमाने अंतरांच्या गुणोत्तराचा घन करा आणि त्याला काळांच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणा. उत्तर ३१५च्या आसपास येते. आपला चंद्र पृथ्वीच्या एक्याऐंशीव्या भागाइतका भारी आहे, तेवढी दुरुस्ती केली की आकडा ३१८ला येऊन भिडतो. आठवी-नववीच्या मुलाला जमेल असा हा गुणाकार आहे, आणि तो प्रत्येक मुलाने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावा असे मला मनापासून वाटते.

वस्तुमान हाती आले की ग्रहाच्या पोटातले कळू लागते. शनीचा व्यास गुरूच्या ८४ टक्के, पण वस्तुमान जेमतेम ३० टक्के. कारण हायड्रोजन आणि हेलियमचा गोळा जितका जड, तितका तो स्वतःच्या भाराने आत दाबला जातो. गुरूत आणखी द्रव्य ओतले तरी तो फारसा फुगणार नाही. शनीची सरासरी घनता पाण्याहून कमी, म्हणून ‘शनी पाण्यावर तरंगेल’ असे सर्रास शिकवतात. मला ते वाक्य नको वाटते. घनतेचा अर्थ बाजूला राहतो आणि मुले अशक्य हौदाची कल्पना करत बसतात. त्यापेक्षा युरेनस-नेपच्यूनची जोडी दाखवावी: युरेनस आकाराने थोडा मोठा, नेपच्यून वस्तुमानाने भारी. किंवा बुध घ्यावा. गुरूचा उपग्रह गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, पण वस्तुमान बुधाच्या निम्म्याहून कमी. गॅनिमीडमध्ये बर्फ फार. बुधाच्या पोटात लोखंडाचा अवाढव्य गाभा.

बुध आणि शुक्राला मात्र चंद्रच नाही. त्यांची ओढ इतर ग्रहांच्या आणि धूमकेतूंच्या मार्गांत किती फरक पाडते, यावरून अंदाज बांधावे लागत. शुक्राजवळून १९६२ साली मरिनर २ आणि बुधाजवळून १९७४ साली मरिनर १० गेले, त्यांच्या वळलेल्या मार्गांनी खरे माप दिले. प्लूटोची कथा तर विलक्षण. १९३० साली सापडला तेव्हा तो पृथ्वीच्या तोडीचा असेल असे मानत. १९७८ साली त्याचा उपग्रह शारॉन सापडला, आणि हिशेबाअंती प्लूटो पृथ्वीच्या साडेचारशेव्या भागाएवढाच निघाला.

दुर्बीण मिळाली तर गुरू दिसेल त्या दिवसांत सलग काही रात्री त्याच्या चार चंद्रांच्या जागा वहीत टिपा. आयो पुष्कळदा गुरूच्या झगमगाटात हरवतो, म्हणून सुरुवात गॅनिमीडपासून करावी. त्याची फेरी ७.१५ दिवसांची, अंतर १०,७०,००० किलोमीटर. गणित तेच, आणि उत्तरही तेच येते.