काळी-पिवळी आणि आमची टिपणे

या स्मरणिकेत गुरुजनांच्या आणि वसतिगृहाच्या आठवणी पुष्कळ येतील. आम्ही मात्र आज एका गाडीविषयी लिहीत आहोत. तिच्या मिळकतीवर आमचे शिक्षण झाले. आणि आता ती रस्त्यावर दिसत नाही.

आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, मुंबईत रात्रपाळीची टॅक्सी चालवीत. गाडी मालकाची. ठरलेला भरणा दिल्यावर उरेल ते आपले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे जात असू. दिवसपाळीच्या चालकाच्या स्वाधीन करण्यापूर्वी दादा पहाटे गाडी धूत. बादली आणि फडके आमच्याकडे असे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढची सलग बैठक आणि बाहेर बसवलेले मीटर आजही डोळ्यांपुढे आहे. दादा म्हणत, "गाडी दुसऱ्याची आहे, हात आपले आहेत. कोपरे सोडू नकोस."

तरीही आठवीत, वसतिगृहाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे आम्ही 'नोकरी' असे लिहिले. दादांनी सही करताना ते वाचले. ते काही बोलले नाहीत.

पुढे इतिहास विषयात एम. ए. केल्यावर त्या गाडीची कुळकथा समजली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. 1970च्या दशकात याच गाडीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. टॅक्सीवाल्यांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च राहिले. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर तयार होत होती. मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा तो अवतार. पांढरी अ‍ॅम्बेसेडर दारात उभी राहिली की साहेब आले, असे गावाने समजावे.

या गाड्या का गेल्या? काळापुढे कोणाचे चालत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या शिक्षकाला ते शोभणारे नाही. त्या काळी किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्यावर ठरे. परदेशी गाड्यांना दार जवळजवळ बंद होते. त्या धोरणाने देशात कारखाने उभे राहिले, गल्लोगल्ली कारागीर तयार झाले, हे मान्य केलेच पाहिजे. पण ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत थांबत असेल, तर त्याचे म्हणणे ऐकण्याची निकड विक्रेत्याला राहत नाही. गाडीचा मूळ साचा दशकानुदशके तोच राहिला.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि रांगेतल्या माणसाला दुसरी वाट दिसली. 1991 नंतर धोरण बदलले. 1993 मध्ये मोटारगाड्यांवरील परवान्याचे बंधनही उठले. प्रीमियरने फ्रान्सच्या प्युजोशी भागीदारी केली, तीही टिकली नाही. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनीचे उत्पादन थांबले. अ‍ॅम्बेसेडरचे काम मे 2014 मध्ये बंद पडले. 2017 साली तिचे नुसते नाव 80 कोटी रुपयांना विकले गेले. विशेष म्हणजे, जिने या दोघींना मागे सारले त्या मारुती 800चे उत्पादनही 2014 सालीच संपले. जिंकणाऱ्यालाही मुक्काम कायमचा मिळत नाही.

मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 रोजी झाली होती. टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा असल्याने 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. ती बातमी आम्ही नववीच्या वर्गात वाचून दाखविली आणि वरील कारणे फळ्यावर लिहिली. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, तुमच्या हातातली टिपणे कधीची आहेत?"

प्रश्न निर्मळ होता. उत्तर अवघड होते. ती टिपणे आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातील होती. कागद पिवळा पडला होता, कडा झिजल्या होत्या, उदाहरणे तीच होती. निकाल चांगला लागत होता, म्हणून आम्हांला बदलण्याची गरज वाटली नव्हती. निवासी शाळेतल्या मुलांना दुसरे दुकान नसते. ती समोर बसतात, ऐकतात, उतरवून घेतात. त्यांच्या त्या रांगेलाच आम्ही आमचे यश समजत आलो होतो. कारखान्याचा दोष सांगणारे आम्ही, कोपरे सोडून गाडी धूत होतो.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही टिपणे नव्याने लिहावयास घेतली. उद्योगांच्या प्रकरणाचा आरंभ आता मुलांच्या घरापासून होतो. आपले आईवडील कोणते काम करतात आणि त्या कामात गेल्या वीस वर्षांत काय बदलले, हे प्रत्येकाने विचारून यावयाचे. पहिल्या वर्षी बरीच मुले घुटमळली. कोणी 'शेती' लिहिले, कोणी 'नोकरी'. ऊसतोड, वीटभट्टी, धुणीभांडी हे शब्द वहीत उतरेनात. त्यांचा संकोच आमच्या ओळखीचा होता.

तेव्हा आम्ही खडू घेतला आणि सर्वांत आधी स्वतःचे उत्तर फळ्यावर लिहिले : वडिलांचा व्यवसाय – टॅक्सीचालक. दादा ते वाचावयास नव्हते. मुलांनी मात्र वाचले, आणि माना खाली घालून लिहावयास सुरुवात केली.