पाचगणीचे पठार
पाचगणीच्या विस्तीर्ण पठारावर पायाखाली तांबडा, सच्छिद्र जांभा दिसतो. कड्याच्या पोटात मात्र काळ्या कातळाचे थरावर थर. हे दोन पाषाण परस्परांस परके नव्हेत. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूगर्भातून आलेला लाव्हारस थिजून काळा कातळ झाला. पुढे युगानुयुगांच्या ऊन-पावसाने त्यातील चुना व सिलिका धुऊन नेली. लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जांभा बनला. झिजलेल्या कातळाचेच हे कवच आज डोंगरमाथा सावरून आहे. घाट उतरताच कोकणातही हाच जांभा भेटतो. खाणीत मऊ, वारा लागताच टणक, म्हणून घराघरांतून त्याचेच चिरे. चिरा घटकेत निघतो. तो घडण्यास लक्षावधी वर्षे लागतात, हे कुदळ मारणाऱ्याने ध्यानी धरावे.