रबराचं वय

‘घड्याळात पाणी गेलं’ म्हणत कुणी दुकानात आलं की मी आधी विचारतो, पाणी थंड होतं की गरम? गिऱ्हाइकाला हा प्रश्न खुळचट वाटतो. पावसात भिजलं, हात धुताना ओलं झालं, तलावावर गेलो होतो, अशी उत्तरं तयारच असतात. थोडं खोदलं की खरी गोष्ट बाहेर येते. डिसेंबरात बंबाच्या कढत पाण्याने आंघोळ करताना हातातून काढायचं राहिलं होतं. नाहीतर मे महिन्यात दुपारभर गाडीत, समोरच्या काचेखाली पडून होतं. नाहीतर राइस मिल.

तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत आमचा सगळा भंडारा जिल्हा धानाचा. उष्णा तांदूळ काढणाऱ्या मिलमध्ये धान आधी गरम पाण्यात भिजवतात, मग टाकीत वाफ सोडतात, वाळवतात आणि नंतर भरडतात. वाफ पुरेशी झाली का हे बघायला जुने मालक अजूनही स्वतः टाकीपाशी जातात, मूठभर धान बाहेर काढतात, एक दाणा चिमटीत दाबून पाहतात. हे सगळं मनगटावर लाख-दोन लाखांचं घड्याळ असताना. अशाच एका मालकांनी काचेच्या आतून धुकं धरलेलं आपलं स्विस घड्याळ माझ्या काउंटरवर ठेवलं आणि वैतागून म्हणाले, “शंभर मीटर लिवलं आहे ना जी यावर? मंग पाणी गेलं कसं?”

प्रश्न रास्त होता. आकडा मीटरमध्ये लिहिला की माणसाला खोली दिसते, कंपनी मात्र दाब सांगत असते. शंभर मीटर म्हणजे दहा वातावरणांचा दाब, तोही कोऱ्या घड्याळावर, कोऱ्या रबरावर, गार पाण्यात आणि हात न हलवता. नुसत्या खोलीचीच भीती असती तर भंडाऱ्यात कुणाचंच घड्याळ बिघडलं नसतं. गोंड राजांच्या काळात कोहळ्यांनी बांधलेल्या आमच्या मामा तलावांत उन्हाळ्यात म्हशीची पाठ बुडायची मारामार. खोल पाणी हवंच असेल तर पवनीकडे गोसीखुर्दच्या धरणामागे जावं लागेल, आणि तिथे ढिवर जाळी घेऊन उतरतात, ओमेगा घालून नव्हे.

आमच्या धंद्यातली पाण्याची सगळ्यात गाजलेली कथाही गार पाण्याचीच आहे. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने १९२६ मध्ये ‘ऑयस्टर’ काढलं, मागचं झाकण आट्यांचं, चावीही आट्यांची. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू इंग्लिश खाडीत उतरली तेव्हा ते तिच्या गळ्यात बांधलेलं होतं. दहा तासांहून अधिक वेळानंतर थंडीने गारठलेल्या ग्लाइट्झला खाडी पार होण्याआधीच बाहेर काढावं लागलं, पण घड्याळ चालूच होतं. महिन्याभराने ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर रोलेक्सची पानभर जाहिरात. जाहिरात म्हणून मला तिचं आजही कौतुक वाटतं. फक्त त्या खाडीत घड्याळ तासन् तास एकाच गारठ्यात होतं. आमच्याकडे घात करतो तो फरक, गरमातून गारात आणि गारातून गरमात जाण्याचा.

पाणी सोसणाऱ्या घड्याळांसाठी आयएसओ २२८१० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात तापमानाचा धक्काही तपासतात: घड्याळ पाच मिनिटं ४० अंशांच्या पाण्यात, पाच मिनिटं २० अंशांच्या, परत पाच मिनिटं ४०. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचा दाखला द्यायच्या आधी मशीन ८, २३ आणि ३८ अंशांवर चालवून बघतात. ३८! त्यांच्या परीक्षेतलं सगळ्यात कडक ऊन म्हणजे आमचा मार्च संपता संपताचा दिवस. मे महिन्यात इथे सावलीतला पारा पंचेचाळिशीला भिडतो, आणि बंद गाडीत किती होत असेल ते स्टिअरिंगला हात लावणाऱ्याला विचारा.

गाडीत पडलेलं घड्याळ ६० अंशांना तापलं असं धरू. आतली हवाही तितकीच तापली. साहेब ते मनगटावर चढवून घरात शिरले आणि कुलरपुढे बसले. खोली २५ अंशांवर. आतली हवा आकसते, तिचा दाब साधारण दहा टक्क्यांनी उतरतो. हवेच्या दाबाचे दहा टक्के म्हणजे एक मीटर पाण्याचा दाब. साहेब खाटेवर आडवे, घड्याळ मात्र मीटरभर पाण्यात. त्यात कुलरची हवा ओली, वाळ्याच्या ताट्यांतून गळणाऱ्या पाण्यावरून आलेली. रबर जरा जरी थकलेलं असलं तर ती ओल घड्याळ स्वतःच आत ओढून घेतं. कुणी बुडवायला नको.

वाफ याच्याही पुढची. पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या लूमध्ये माणूस दुपट्टा बांधून बाजार करून येतो, पण उकळत्या भांड्यावरच्या वाफेत हात क्षणभर ठेवता येत नाही. वाफ गार पृष्ठभागावर टेकून पाणी होते तेव्हा स्वतःत साठवलेली सगळी उष्णता तिथेच सोडते. टाकीपाशी घड्याळाची केस भराभर तापते. स्टील एका मापाने फुगतं, काच दुसऱ्या, रबर तिसऱ्या. मालक मग हात धुवायला गार पाण्याच्या नळाकडे जातात आणि सगळी मापं एकदम उलटी फिरतात. आंघोळीत यात साबणाची भर. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि एरवी जे पाणी फटीच्या तोंडाशी थेंब होऊन थांबलं असतं ते पसरून आत सरकतं.

एवढ्या सगळ्याला अडवायला असतं काय? रबराच्या तीन कड्या. एक मागच्या झाकणाखाली, एक चावीत, एक काचेभोवती (काचेची बऱ्याचदा नायलॉनची असते, पण काम तेच). केस सोन्याची असो, डायलवर हिरे असोत, पाणी आणि मशीन यांच्यामध्ये बहुधा नायट्राइल रबराचाच दोरा उभा असतो. रबर म्हातारं होतं आणि गरमीत लवकर होतं. रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की दर दहा अंशांमागे अशा क्रियांचा वेग दुपटीच्या आसपास जातो. कंपन्या बहुधा वर्षातून एकदा रबर तपासून घ्या म्हणतात, ते थंड देशांतल्या लोकांनाही. इथे घड्याळासोबतचं माहितीपुस्तक डब्यातून कुणी बाहेर काढत नाही.

मालकांचं घड्याळ मी त्यांच्यासमोरच उघडलं. झाकणाचे आटे सुटताना जी कुरकुर झाली तिनेच अर्धं सांगितलं. झाकणाखालची कडी गोल राहिली नव्हती, चपटी होऊन खाचेला चिकटली होती. चिमट्याने धरली तर ओढली जाण्याआधी तुटली. भिंग लावून आत पाहिलं. चावीची दांडी जिथे मशीनमध्ये शिरते तिथे नारिंगी भुकटी. गंज नेहमी इथूनच सुरू होतो, कारण दांडी स्टीलची आणि पाण्याची वाटही तीच. डायलच्या लॅकरला कडेने बारीक फोड, तासकाट्याच्या टोकावरचा चमकणारा रंग सुटून सहाच्या आकड्यापाशी पडलेला. पितळी प्लेट मात्र निकेलच्या मुलाम्याखाली ठणठणीत. पितळेला गंज चढत नाही हे भंडाऱ्यात कुणाला शिकवायला लागत नाही, पितळी भांड्यांवर या शहराचं नाव झालं आहे. पण घड्याळ पितळेवर चालत नाही. चालतं ते स्टीलच्या पिनियनवर, स्क्रूंवर आणि केसाइतक्या बारीक स्प्रिंगवर.

त्या स्प्रिंगची मात्र गरमीतून बरीच सुटका झालेली आहे. पूर्वी साध्या स्टीलची हेअरस्प्रिंग तापली की नरम पडायची आणि घड्याळ मागे राहायचं. शार्ल एदुआर गियोम या स्विस माणसाने निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू शोधले की तापमान बदललं तरी ते फारसे बदलत नाहीत. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला त्यासाठी मिळालं. तेव्हा उन्हाने वेळ चुकते ही तक्रार आता थोडीच. उलट सेलवरच्या घड्याळांची एक गंमत आहे. त्यातला क्वार्ट्झ पंचवीस अंशांच्या आसपास नेमका चालतो आणि ४५ अंशांवर दिवसाला सेकंदभर मागे पडतो. म्हणून मे महिन्यात घड्याळ खिडकीत ठेवण्यापेक्षा हातात असलेलं बरं. माणसाचं अंग त्याला सांभाळतं.

रबर बदललं की परीक्षा. माझ्याकडचं यंत्र साधं आहे: जाड काचेचा उभा नळा, अर्धा पाण्याने भरलेला, वर हवा भरायचा पंप. घड्याळ आकड्याला अडकवून पाण्याच्या वर, हवेत टांगायचं. पंप मारून दाब चढवायचा आणि काही मिनिटं गप्प बसायचं. फट असेल तर तेवढ्यात दाबाची हवा घड्याळात शिरते. मग घड्याळ पाण्यात उतरवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. शिरलेली हवा आता बाहेर पडायला बघते, बुडबुड्यांची माळ वर येते आणि ती नेमकी कुठून निघाली ते दिसतं. एखादा सुटा बुडबुडा पट्ट्याच्या कडीत अडकलेल्या हवेचा असतो, त्याने घाबरायचं नाही. सलग माळ सुटली तर दाब पूर्ण उतरायच्या आत घड्याळ पाण्याबाहेर ओढायचं, नाहीतर परीक्षाच त्याला बुडवते.

ज्यांना तेवढा धीर नसतो त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. टेबललॅम्पखाली घड्याळ हाताला कोमट लागेपर्यंत ठेवायचं आणि काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. मिनिटाने पुसायचं. काचेच्या आतून त्या थेंबाएवढंच धुकं उमटलं तर आत ओल आहे. हीसुद्धा त्या आयएसओ मानकातलीच परीक्षा, माठ तेवढा आमचा.

ओलं घड्याळ तांदळाच्या डब्यात घालून आणणारे लोक मला वरचेवर भेटतात. धानाच्या जिल्ह्यात हे होणारच. तांदूळ बंद केसमधली ओल ओढू शकत नाही, आणि झाकण उघडून ठेवलं असेल तर कण्या आणि भुकटी मशीनमध्ये. उन्हात वाळवणारे त्याहून वाईट: ओल आणि ऊब एकत्र आली की गंज धावत सुटतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडाऱ्याच्या वस्त्यांत शिरला. त्यानंतर कपाटात भिजलेली घड्याळं येत राहिली, त्यांतही लगेच आली ती वाचली. घरच्या घरी वाळवून दिवाळीनंतर आणलेली बहुतेक गेली. गाळापेक्षा उशीर महाग पडला.

मालकांना मी सांगितलं, मिलमध्ये जाताना काढून ठेवत जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी भलतं बोललो. “काढूनच ठेवायचं होतं तर घेतलं कायले?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि खरं सांगायचं तर मी त्यांच्याच बाजूचा आहे. तिजोरीतल्या घड्याळाचंही रबर म्हातारं होतंच, तेलही वाळतंच. फक्त पातळ सोन्याचं, साध्या ओढायच्या चावीचं घड्याळ वाफेत नेणं मला पटत नाही. तिथे हजार-दोन हजाराचं प्लास्टिक केसचं कॅसिओ जास्त टिकतं आणि गेलंच तर जीव हळहळत नाही. मालकांचं आट्यांच्या चावीचं होतं, म्हणून तोडगा निघाला. दरवर्षी दसऱ्याच्या सुमाराला, नवं धान मिलला लागायच्या आधी, घड्याळ एक दिवस माझ्याकडे. तिन्ही कड्या नव्या, त्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट, नळ्यातली परीक्षा. आणि मिलमध्ये असेपर्यंत चावी घट्ट पिळलेली, वाफेतून आल्यावर हात लगेच गार नळाखाली न्यायचा नाही.

पहिल्या वर्षी ते स्वतः आले. आता ड्रायव्हरच्या हातून पाठवतात, सोबत निरोप असतो, संध्याकाळपर्यंत हवं, रात्री लग्नाला जायचं आहे. दोन लाखांचं घड्याळ घेताना त्यांनी किंमत कमी करून मागितली होती की नाही मला ठाऊक नाही. कड्यांच्या बिलावर मात्र ड्रायव्हर दरवर्षी न चुकता घासाघीस करतो.