टायर बोलतो, आपण ऐकावे

आमच्या आंबवडे गावात नागेश्वराचे देऊळ आहे, झुलता पूल आहे आणि कान्होजी जेधे यांची समाधी आहे. त्यांवर आपल्या भिंतीवर पुष्कळ जणांनी छान लिहिले आहे. मी मात्र सायकलच्या टायरविषयी लिहिणार आहे. हसू नका! आमच्या घरी या दिवाळीत टायरवरूनच ताईची शाळा अडली होती.

आमची वस्ती गावापासून लांब आहे. ताई नववीत आहे. ती सायकल चालवते आणि मी मागे कॅरिअरवर बसते. सकाळी धारा काढून, पाणी भरून ताई निघते. पायी गेली तर पहिला तास बुडतो. सुट्टीत मागच्या टायरला बाजूने दोन बोटे चीर पडली. तीतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावू लागली. आजी म्हणाली, "भात विकल्याशिवाय नवा टायर नाय. तवर पोरीनं घरीच ऱ्हावं." ताई काहीच बोलली नाही. चुलीपुढे बसून राहिली.

तेव्हा आबा उठले. आबा तरुणपणी पुण्यात सायकलच्या दुकानात कामाला होते. पुण्याला तेव्हा सायकलींचे शहर म्हणत. ते मला म्हणाले, "पोरी, घमेलं आण पाण्याचं. आधी दुखणं बघू, मग औषध."

आबांचा पहिला नियम असा की, ठिगळ लावण्याआधी कारण शोधावे. आधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावायचा. बुडबुडा आला तर ट्यूब चांगली आहे, आतली रबरी नळी तेवढी बदलायची. नाहीतर ट्यूब काढून पाण्यात धरायची. भोक कुठे आहे त्यावरून कारण कळते. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा खिळा. आपल्याकडे कुंपणाला बाभळीच्या फांद्या असतात, म्हणून काटाच जास्त. भोक आतल्या बाजूला असेल तर स्पोकचे टोक टोचते, रिमवरची पट्टी सरकलेली असते. शेजारी शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी होती आणि दगडावर आपटून ट्यूब चिमटली. कारण तसेच ठेवून ठिगळ लावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर! म्हणून टायरच्या आतून बोटे हळूच फिरवून काटा काढावाच लागतो.

ठिगळासाठी ट्यूब कोरडी करून काचपेपरने घासावी. सोल्युशन पातळ लावावे आणि चिकटपणा जाईपर्यंत थांबावे. घाई करून ओल्यावर ठिगळ लावले तर ते सरकते.

मग आबांनी टायर उलटा करून मला दाखवला. "ट्यूब हवा धरते, टायर ट्यूबला धरतो, आणि कडेची तार टायरला रिमवर धरते. तार तुटली की टायर फेकायचा. तिथं दया नाही." आमची तार शाबूत होती. म्हणून त्यांनी जुन्या टायरचा तुकडा कापला, त्याच्या कडा तासून पातळ केल्या आणि चिरेच्या आतून बसवला. त्याला गेटर म्हणतात. तो चिरेपेक्षा सगळीकडून मोठा हवा.

टायर चढवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरावी, म्हणजे तिला पीळ पडत नाही. व्हॉल्व्ह सरळ उभा राहिला पाहिजे. शेवटची कड अंगठ्यांनीच आत ढकलावी. तिथे पाना घातला तर नवीन भोक पडते. मग थोडी हवा भरून चाक फिरवावे. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारखी दिसली तरच पूर्ण हवा भरावी.

नवा टायर घेतानाही आकडे वाचावेत. ताईच्या सायकलच्या टायरवर २६ × १ ३/८ लिहिले आहे आणि शेजारी ३७-५९०. यातले ३७ म्हणजे टायरची रुंदी आणि ५९० म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ × १ १/२ चा टायरही २६ चाच म्हणतात, पण तिथे व्यास ५८४ असतो. तो या रिमवर बसत नाही. म्हणून नुसते "सव्वीसचा द्या" म्हणू नये.

हवेचा टायर १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केला. त्याआधी १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी तशा टायरचे पेटंट घेतले होते. पण सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायला फार वेळ लागे. १८९१ साली फ्रान्समधील मिशलिन बंधूंनी सायकलचा काढता-घालता येणारा टायर केला. आज आपण अंगणात पंक्चर काढतो ते त्यामुळे.

आबांनी चांगला टायर पुढे घातला आणि गेटरचा मागे. "मागचा फुटला तर सायकल डुलते, पण थांबवता येते. पुढचा फुटला तर माणूस तोंडावर पडतो," असे ते म्हणाले. पण मागच्या चाकावर ओझे जास्त येते. म्हणून नवा टायर येईपर्यंत मी कॅरिअरवर बसायचे नाही, असे ठरले. मी रोज लवकर निघून चालत येते. पाय दुखतात, पण ताईचा पहिला तास बुडत नाही. संध्याकाळी मी चिरेवरून बोट फिरवून बघते. ती वाढली तर ताईला सायकल द्यायची नाही, असे आबांनी मला बजावले आहे. हे काम माझ्याकडे दिले म्हणून मला बरे वाटते.

मित्रमैत्रिणींनो, शाळेत यायच्या आधी टायर अंगठ्याने दाबून बघा. पालकांनाही विनंती आहे की, मुलींनाही पाना हातात द्या. पंप आमच्या घरी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर या, आबा शिकवतील.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी