त्या रकान्यातली ‘१’ म्हणजे मी

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मग कंपनीला काय विचारू नये? माझ्या अनुभवाने सांगते. कंपनीला नवीन प्रोजेक्ट विचारा, ऑफिसच्या जिमबद्दल विचारा, सीईओचा गोल्फ विचारा, ती भरभरून बोलेल. ‘तुमच्याकडे बायका किती? त्यातल्या वरच्या खुर्चीवर किती? काळे किती, गोरे किती, आमच्यासारखे किती?’ एवढंच विचारून बघा. भर एसीमध्ये लोकांना घाम फुटतो.

मी डोंबिवलीची. लोकलच्या लेडीज डब्यातून थेट अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हर्न्डनला येऊन पडले, त्याला आता बरीच वर्षं झाली. वॉशिंग्टनहून डलस एअरपोर्टकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या चकचकीत इमारती आहेत. त्यातल्या बऱ्याच कंपन्यांचं मोठं गिऱ्हाईक एकच, अमेरिकन सरकार. आमचीही त्यातलीच. साडेतीनशेच्या आसपास माणसं, तीन गावांत ऑफिसं आणि सरकारी खात्यांचे सर्व्हर सांभाळायचं काम. मी तिथे एचआर मॅनेजर. म्हणजे इन्शुरन्स, रजा, रुसवेफुगवे आणि फॉर्म. त्यातही मुख्यतः फॉर्म!

त्यातल्याच एका फॉर्मची ही गोष्ट. त्याचं नाव ईईओ-१.

फॉर्मची कुंडली

१९६४ साली अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा आला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९६५मध्ये, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ११२४६ नंबरचा आदेश काढला. सरकारी कंत्राट घ्यायचं असेल तर नोकरी देताना वंश, रंग, धर्म, मूळ देश बघायचा नाही, असा त्याचा सरळ फंडा. बाई की पुरुष, हा मुद्दा त्यात नंतर आला. पण ‘आम्ही भेदभाव करत नाही’ असं म्हणायला कुणाचं काय जातं? म्हणून मोजणी. १९६६पासून मोठ्या कंपन्या आणि सरकारी कंत्राटदार दरवर्षी हा तक्ता भरून देऊ लागले.

तक्ता दिसायला अगदी साधा. आडव्या दहा ओळी: सगळ्यात वर बडे साहेब, मग मधले मॅनेजर, मग प्रोफेशनल, टेक्निशियन, सेल्सवाले, असं करत खाली मजूर आणि सेवा देणारे. उभे चौदा रकाने: सात वंशगट, प्रत्येकात स्त्री आणि पुरुष. एकूण एकशे चाळीस चौकोन. नाव नाही, पगार नाही, नुसते आकडे. आपण भारतीय त्यात ‘एशियन’. म्हणजे चिनी, जपानी, फिलिपिनो आणि डोंबिवलीकर एकाच चौकोनात!

एकाहून जास्त ऑफिसं असली की सगळ्यांची बेरीज करून एक एकत्रित तक्ता निघतो, त्याला ‘टाइप २’ म्हणतात. पुढचं सगळं रामायण झालं ते या टाइप २वरून.

‘सांगा’ म्हणणारा पत्रकार

अमेरिकेत १९६६चा एक माहितीचा कायदा आहे, ‘फोया’. आपल्या २००५च्या माहिती अधिकाराचा थोरला भाऊच म्हणा ना. ‘सेंटर फॉर इन्व्हेस्टिगेटिव्ह रिपोर्टिंग’ या ना-नफा संस्थेच्या एका पत्रकाराने २०१९पासून या कायद्याखाली हे तक्ते मागायला सुरुवात केली. आधी काही कंपन्यांचे. पुढे मागणी वाढत गेली आणि २०२२मध्ये त्याने सगळ्याच फेडरल कंत्राटदारांचे २०१६ ते २०२० असे पाच वर्षांचे टाइप २ तक्ते मागितले. सगळ्यांचे!

सरकार म्हणालं, कंत्राटदारांना आधी विचारतो. मग १९ ऑगस्ट २०२२ला तिथल्या राजपत्रात नोटीस आली: कुणाची हरकत असेल तर महिन्याभरात लेखी कळवा. पुढे ती मुदत १९ ऑक्टोबरपर्यंत वाढली. गप्प बसलात तर हरकत नाही असं समजून तक्ता देऊन टाकू. थोडक्यात काय, तर गप्प बसणं हेसुद्धा उत्तरच होतं.

आपल्या आरटीआयमध्येही हे आहे बरं का. कलम ११. तुमच्याबद्दलची गोपनीय माहिती कुणी सरकारकडे मागितली, तर अधिकारी तुम्हाला नोटीस देतो आणि म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. अमेरिकन कंपन्यांना महिने मिळाले, तरी टेन्शन तेवढंच.

‘कारण...’

आमची मीटिंग बसली. सीईओ, सेल्सचा प्रमुख, माझी बॉस म्हणजे एचआर डायरेक्टर, बाहेरून बोलावलेला वकील आणि मी. सीईओचं पहिलं वाक्य: ‘नाही म्हणून कळवून टाका.’

पण नुसतं ‘नाही’ चालणार नव्हतं. सरकारने पाच प्रश्न दिले होते. ही माहिती व्यापारी गुपित किंवा व्यावसायिक माहिती आहे का? तुम्ही ती एरवी खरंच गुप्त ठेवता का, आणि ठेवत असाल तर कशी? देताना सरकारने गोपनीयतेचं आश्वासन दिलं होतं का? ती उघड होऊ शकते, अशी काही सूचना तेव्हा होती का? आणि पाचवा, उघड झाली तर तुमचं नेमकं नुकसान काय?

उत्तरांचा मसुदा माझ्याकडे आला. दुसऱ्या प्रश्नाला मी आमचंच करिअर पेज उघडून दाखवलं. आमच्याकडे बायका किती टक्के, हे तिथे आम्हीच रंगीत गोलात छापलं होतं, वर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो. छान आकडा असला की जाहिरात आणि छान नसला की गुपित, हे कसं जमायचं?

पाचव्या प्रश्नाला तर धमालच आली. मी बोर्डवर लिहिलं, ‘हा तक्ता उघड झाल्यास आमचं नुकसान होईल, कारण...’ आणि मार्कर पुढे केला. सेल्सचा प्रमुख म्हणाला, प्रतिस्पर्धी आमची माणसं पळवतील. कशी? तक्त्यात नाव नाही, पगार नाही, कौशल्य नाही. ‘प्रोफेशनल’ या एका ओळीत आमचा प्रोग्रामरही येतो आणि अकाउंटंटही. सीईओ म्हणाला, आमची स्ट्रॅटेजी कळेल. कोणती? कुणालाच वाक्य पुरं करता येईना. बोर्डवर ‘कारण’ आणि पुढची तीन टिंबं तशीच राहिली.

मग वकिलाला आयडिया आली. त्याने तक्ता पुढे ओढला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. मधले मॅनेजर, एशियन, स्त्री. आकडा: १.

‘ही तूच ना? तुझी खासगी माहिती अशी चव्हाट्यावर यावी असं तुला नक्कीच वाटत नसणार. प्रायव्हसी! बेस्ट मुद्दा.’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इतकी वर्षं त्या टेबलावर बसत होते, पण माझी एवढी काळजी त्यांना त्या दिवशीच वाटली. मी म्हटलं, ‘लिंक्डइनवर माझा फोटो आहे, नाव आहे, हुद्दा आहे. मी बाई आहे आणि भारतीय आहे, हे कळायला तक्ता कशाला हवा? माझ्या नावाने हरकत नको.’ आवाज थोडा चढला असावा, कारण बॉसने माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

पण प्रायव्हसीचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता. आमच्या टेक्निशियनच्या ओळीत आणखी एक ‘१’ होता, मूळ अमेरिकन आदिवासी गटातला पुरुष. तो दिसायला कुणालाही गोराच वाटायचा. फॉर्म भरताना त्याने स्वतःहून खूण केली होती आणि ऑफिसात ते फक्त मला माहीत होतं. हा खरा प्रश्न. मी त्याला एकट्याला गाठून सगळं समजावलं आणि म्हटलं, तुला नको असेल तर फक्त या एका चौकोनापुरतं सरकारला लिहू. एकशे एकोणचाळीस चौकोन जाऊ देत. तो हसला. म्हणाला, ‘आम्हाला न मोजण्यात या देशाने भरपूर वर्षं घालवलीत. राहू दे तो आकडा.’

त्या रात्री आईचा फोन होता. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘अगं, मग साहेब लपवत काय होते?’

आईला बरोबर कळलं होतं. लपवायचा होता तो माझा ‘१’ नव्हताच. सगळ्यात वरच्या ओळीत, काळ्या स्त्रियांच्या चौकोनात, एक शून्य होतं. पाचही वर्षं.

मग काय झालं?

आम्ही हरकत घेतली नाही. बॉस ठाम राहिली आणि सीईओने तोंड वाकडं करून ‘ओके’ म्हटलं. त्याऐवजी आम्ही एक पानाची टीप तयार ठेवली: हे आकडे कोणत्या वर्षांचे, तेव्हा कोणती कंत्राटं सुरू होती, त्यानंतर काय बदललं आणि काय बदललं नाही. कुणी विचारलंच, तर सगळ्यांनी एकच बोलायचं.

एप्रिल २०२३मध्ये हरकत न घेणाऱ्या सुमारे एकोणीस हजार कंत्राटदारांचे तक्ते सरकारने खुले केले. आम्ही श्वास रोखून बसलो होतो. एकाही पत्रकाराचा फोन आला नाही. एकही माणूस कुणी पळवला नाही. एक पानाची टीप ड्रॉवरमध्येच राहिली.

प्रश्न आला तो आतून. हेल्पडेस्कवरची एक काळी मुलगी, कामात एक नंबर, जेवणाच्या सुट्टीत प्रिंटआउट घेऊन आली. वरच्या ओळीतल्या त्या शून्यांवर तिने हायलायटर मारला होता. ‘हे २०२०पर्यंतचं. आता किती आहे?’ मी म्हटलं, ‘अजून शून्यच.’ ती म्हणाली, ‘थँक्स. मला वाटत होतं, मीच जास्त विचार करतेय.’

हे वाक्य मला लागलं. आम्हाला तो शून्य वर्षानुवर्षं माहीत होता. तिला मात्र रोज नुसती शंका घेऊन कामाला यावं लागत होतं. आकडा लपवला की कंपनी सुरक्षित राहते, असं साहेबांना वाटतं. प्रत्यक्षात आतल्या माणसाला स्वतःवर संशय यायला लागतो.

पुढे आमच्याकडे बढतीचे निकष लेखी झाले, वरच्या जागा आधी आतल्या लोकांना कळवल्या जाऊ लागल्या. तरी दीड वर्षाने ती मुलगी दुसरीकडे मोठ्या पोस्टवर गेली. मी तिथे होते तोवर शून्याचा एक झाला नाही. सिनेमासारखा शेवट नाही, सॉरी!

कोर्ट काय म्हणालं?

सगळे आमच्यासारखे नव्हते. पाच हजारांच्या आसपास कंत्राटदारांनी हरकत घेतली आणि प्रकरण कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात गेलं. डिसेंबर २०२३मध्ये तिथे निकाल लागला, ३० जुलै २०२५ला अपील कोर्टानेही तो कायम केला: कुठल्या ढोबळ गटात किती माणसं, ही काही कायद्यातल्या अर्थाने ‘व्यावसायिक’ माहिती नव्हे. आमच्या बोर्डवरचं ‘कारण...’ कोर्टातही पुरं झालं नाही, म्हणा!

मधल्या काळात वारं फिरलं. २१ जानेवारी २०२५ला नव्या आदेशाने १९६५चा जॉन्सन यांचा आदेशच रद्द झाला. पण म्हणून जुने कागद काही हवेत विरून जात नाहीत. सरकारी कपाटात कागद आहे, तोवर तो कुणीतरी मागणारच.

म्हणून कुठल्याही देशात, कुठल्याही कंपनीत अशी नोटीस तुमच्या टेबलावर आली, तर माझा अनुभव असा. पहिल्या दिवशी मुदतीची तारीख भिंतीवर लावा. आपण कोणता कागद दिला होता, तो स्वतः काढून बघा. पाठवलेल्या तक्त्यातच गफलत असेल तर ती आधी कळलेली बरी. तोच आकडा आपण जाहिरातीत वापरतोय का, ते तपासा. हरकत घ्यायचीच तर नेमक्या चौकोनावर, नेमक्या कारणाने घ्या. सरसकट ‘गोपनीय आहे हो’ कुणी ऐकत नाही. ‘कारण’च्या पुढचं वाक्य पुरं होत नसेल तर माहिती जाऊ द्या आणि सोबत खरी माहिती देणारं एक पान तयार ठेवा. आणि बाहेरच्या पत्रकाराच्या आधी आपल्या माणसांना सांगा. ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

हिंजवडीत किंवा बीकेसीत बसून हे वाचताय? तुमची कंपनी शेअर बाजारातल्या पहिल्या हजारांत असेल, तर २०२२-२३पासून तिच्या वार्षिक अहवालात बीआरएसआर नावाचा एक भाग सापडेल. सेबीच्या नियमाने त्यात कर्मचाऱ्यांत बायका किती आणि बोर्डावर किती, हे द्यावं लागतं. या वीकेंडला पिझ्झा येईपर्यंत ते पान उघडून बघा. एखादा शून्य दिसला, तर सोमवारी एचआरला जरूर विचारा. घाबरू नका. त्या खुर्चीत बसणाऱ्या माझ्यासारख्या बाईलाही बहुतेक वेळा कुणीतरी विचारावं, असंच वाटत असतं.